गोल बिलेट दाबताना प्रेस शेवटच्या दहा मिलिमीटरला अडते : आधी हिशोब, मग भट्टी, मग पंप

गोव्यात मांडवी-जुवारीवरच्या बार्जची दुरुस्ती असो की खाणीवरची यंत्रे, फ्लँज आणि कपलिंगचे ब्लँक (मशीनिंगआधीचे कच्चे तुकडे) लागतातच. त्यासाठी गोल बिलेट, म्हणजे पोलादी बारचा कापलेला तुकडा, तापवायची, प्रेसच्या दोन सपाट डायमध्ये (दाबणाऱ्या पोलादी ठोकळ्यांमध्ये) उभी ठेवायची आणि दाबून बुटकी-रुंद करायची. काम साधे दिसते. पण एक तक्रार पुन्हापुन्हा येते : सुरुवातीला प्रेस लोण्यासारखी खाली जाते आणि हव्या त्या उंचीच्या थोडे आधी थांबते. मग "प्रेस कमजोर झाली" म्हणत कोणीतरी रिलीफ व्हॉल्व्हच्या (ठरलेल्या दाबापुढे तेल सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) स्क्रूला पाना लावतो. तो पाना आधी खाली ठेवा. बहुतेक वेळा प्रेस धडधाकट असते. चुकलेला असतो तो टनांचा अंदाज, नाहीतर बिलेटचे तापमान.

पुढचे सगळे आकडे एकाच कामाचे धरले आहेत. ईएन ८ पोलाद, व्यास १५० मिमी, उंची २०० मिमी. दाबून ८० मिमी उंची हवी. प्रेस ४०० टनांची, रॅम (तेलाच्या दाबाने खाली येणारा दट्ट्या) ४५० मिमी व्यासाचा, पूर्ण दाब २५० बार.

लक्षणे आधी नीट ओळखा

प्रेस अडली की पहिल्यांदा गेजकडे बघा. निम्मे निदान तिथेच होते.

- गेज पूर्ण दाबाला टेकले आहे आणि रॅम हलत नाही : प्रेस तिचे पूर्ण बळ देत आहे, काम त्याहून जड आहे. हिशोब, तापमान किंवा घर्षण तपासा.
- रॅम हलत नाही आणि गेजही वर चढत नाही : दोष हायड्रॉलिकमध्ये आहे. भट्टीशी झगडण्यात अर्थ नाही.
- प्रत्येक बिलेट जवळपास त्याच उंचीला अडते : हिशोब चुकला आहे किंवा रिलीफ व्हॉल्व्ह कमी दाबावर बसवला आहे.
- एक ८२ ला थांबते, दुसरी ९४ ला : तापमान, खवले (तापलेल्या पोलादावर चढणारा ऑक्साइडचा थर) किंवा बिलेटचे वजन सारखे नाही.
- सकाळच्या पहिल्या दोन-तीन बिलेट अडतात, नंतर सुरळीत : डाय थंड आहेत.
- सकाळी ठीक, दुपारनंतर अडू लागते : तेल तापून पातळ होते आहे.
- तुकडा एका बाजूला कलतो, रॅम वाकडा उतरतो : काम थांबवा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

अडलेल्या तुकड्यावर प्रेस दाबून धरू नका. तीन-चार सेकंदांत तो सरकला नाही तर नंतरही सरकणार नाही. तेवढ्या वेळात बिलेट थंड होते, डायचा पृष्ठभाग तापून मऊ पडतो आणि पंपाचे सगळे तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून जाऊन गरम होते.

पहिली तपासणी : हिशोब कोणत्या व्यासावर केला?

याला वही आणि पेन्सिल पुरते, म्हणून ही पहिली. सर्वाधिक चुका इथेच सापडतात.

पुष्कळ जण बिलेटचा सुरुवातीचा व्यास धरून टन काढतात. १५० मिमी व्यासाचे क्षेत्रफळ १७,६७० चौ. मिमी. ११०० अंशांना या पोलादाचा फ्लो स्ट्रेस (धातू दबत राहण्यासाठी दर चौ. मिमीला लागणारे बळ) ढोबळमानाने ८० न्यूटन प्रति चौ. मिमी. गुणाकार केला की १४ लाख १४ हजार न्यूटन, म्हणजे १४४ टन. ४०० टनांच्या प्रेसला हे किरकोळ, असे वाटून ऑर्डर घेतली जाते.

पण दाबताना घनफळ तेवढेच राहते. उंची २०० वरून ८० झाली की क्षेत्रफळ अडीचपट होते : ४४,१८० चौ. मिमी, व्यास २३७ मिमी. आणि सर्वांत जास्त बळ लागते ते शेवटच्या क्षणी, या मोठ्या क्षेत्रफळावर. शिवाय तुकडा बुटका होतो तसे डायशी होणारे घर्षण धातूला बाहेर पसरू देत नाही. ते धरण्यासाठी हे सूत्र वापरा :

बल = फ्लो स्ट्रेस × अंतिम क्षेत्रफळ × (१ + घर्षण गुणांक × अंतिम व्यास ÷ (३ × अंतिम उंची))

घर्षण गुणांक ०.३ धरला तर कंसातला आकडा १.२९६ येतो. ८० × ४४,१८० × १.२९६ म्हणजे सुमारे ४५.८ लाख न्यूटन. एक टन म्हणजे ९,८१० न्यूटन, म्हणून ९,८१० ने भागा : ४६७ टन. कुठे १४४ आणि कुठे ४६७!

आता हेच सूत्र मधल्या उंचींना लावून बघा. ९५ मिमीला ३७३ टन, ९० ला बरोबर ४००, ८० ला ४६७. म्हणजे ही प्रेस ९० ला अडणार हे कागदावर आधीच लिहिलेले होते. शेवटचे १५ मिमी एकटेच जवळपास ९५ टन मागतात. म्हणून "एवढे दाबले गेले, आता थोडेच राहिले" हा अंदाज या कामात दगा देतो. प्रत्येक कामासाठी निदान तीन उंचींना बल काढा आणि कागद प्रेसजवळ चिकटवा. प्रेस कुठे थांबली ते बघून त्या कागदावरून दोष किती टनांचा आहे हे लगेच कळते.

घर्षण गुणांक ०.५७७ च्या वर घालू नका. त्यापुढे धातूचा पृष्ठभाग डायला चिकटून बसतो आणि सरकणे धातूच्या आत होते, त्यामुळे त्याहून मोठ्या आकड्याला अर्थ उरत नाही. त्या टोकाला आपल्या कामाचे ५६६ टन होतात. एवढ्या फरकामुळेच कोटेशन देताना सूत्राच्या उत्तरावर २० ते २५ टक्के राखून ठेवावे.

स्टेनलेस ३०४ चे काम आले तर ईएन ८ चे आकडे वापरू नका. त्याच तापमानाला त्याला साधारण दीडपट ते दुप्पट बळ लागते.

दुसरी तपासणी : एकके

ही पाच मिनिटांची. एक मेगापास्कल म्हणजे एक न्यूटन प्रति चौ. मिमी, त्यामुळे मिमीमध्ये मोजले की उत्तर थेट न्यूटनमध्ये येते. जुन्या तक्त्यांत फ्लो स्ट्रेस किलो प्रति चौ. मिमीमध्ये असतो, त्याला ९.८१ ने गुणावे लागते. जुन्या गेजवर किलो प्रति चौ. सेंमी असते, ते बारच्या जवळपास आहे (१ बार = १.०२). अमेरिकन बनावटीच्या प्रेसच्या पाटीवरचा टन आपल्या टनापेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी लहान असतो. तिथले ४०० टन म्हणजे आपले ३६३.

याच बैठकीत गेजवरून टन काढायला शिका. ४५० मिमी रॅमचे क्षेत्रफळ १,५९,००० चौ. मिमी. २५० बारला ४०५ टन, २२० बारला ३५७, २०० बारला ३२४. दर १० बारमागे साधारण १६ टन. प्रेस ज्या उंचीला अडली तिथले गेजचे टन आणि सूत्राचे टन शेजारी लिहा. ते दहा-पंधरा टक्क्यांत जुळले तर प्रेस निर्दोष आहे. गेजचे टन सूत्रापेक्षा बरेच जास्त असतील तर बिलेट थंड आहे किंवा घर्षण जास्त आहे.

तिसरी तपासणी : बिलेट वजन काट्यावर ठेवा

आपल्या बिलेटचे वजन २७.७ किलो यायला हवे. बँडसॉवर ५ मिमी लांब कापली गेली तर ८० मिमीला १३ टन जास्त लागतात. बारचा व्यास १५२ भरला तरी तेवढाच फरक पडतो, आणि रोल केलेल्या बारमध्ये असा फरक असतोच. दोन्ही एकत्र आले की २५-३० टन गेले. फुटपट्टीपेक्षा काटा बरा, कारण तो दोन्ही चुका एकदम दाखवतो.

उंची व्यासाच्या अडीचपटीहून जास्त असेल तर बिलेट दबण्याऐवजी वाकते. तिरक्या कापाची बिलेटही तसेच करते. चौकोनी गुण्या लावून काप बघायला दहा सेकंद लागतात.

चौथी तपासणी : तापमान, पण भट्टीतले नव्हे

भट्टीचा मीटर १२०० दाखवतो म्हणून बिलेट १२०० ला दाबली जाते असे नाही. दाबताना ती किती आहे ते महत्त्वाचे.

तापमानाचा परिणाम किती मोठा आहे बघा. ईएन ८ चा फ्लो स्ट्रेस १२०० अंशांना सुमारे ६०, ११०० ला ८०, ९५० ला १३०. हे ढोबळ आकडे आहेत, दाबण्याच्या वेगाप्रमाणे बदलतात. पण टनांत त्यांचा अर्थ असा : आपले ८० मिमीचे काम १२०० ला ३५० टनांत होते, ११०० ला ४६७ लागतात आणि ९५० ला ७६०. म्हणजे ४०० टनांच्या प्रेसवर हे काम होते, फक्त बिलेट खरोखर गरम हवी. या पट्ट्यात दर १० अंशांना बळ साधारण ३ टक्क्यांनी बदलते.

आता सांडसात धरून प्रेसपर्यंत नेण्याचा वेळ मोजा. या आकाराची बिलेट १२०० अंशांना उघड्या हवेत दर सेकंदाला सरासरी दीड अंशाच्या आसपास गमावते. पृष्ठभाग तर त्याहून झपाट्याने थंड होतो. भट्टीचे दार उघडण्यापासून डायचा पहिला स्पर्श होईपर्यंत ४० सेकंद गेले तर ६० अंश गेले. ३५० टनांचे काम ४१५ चे झाले आणि प्रेस अडली. उपाय फुकट आहे : ट्रॉली किंवा साखळी आधी लावून ठेवा, वाटेतला पसारा हलवा, प्रेस वर घेऊन तयार ठेवा. १५ सेकंदांत बिलेट डायवर यायला हवी.

रंगावरून तापमान ओळखणाऱ्यांसाठी आपल्याकडची एक खास अडचण सांगायला हवी. मे महिन्यात उघड्या शेडमध्ये ऊन आत येते तेव्हा बिलेट असते त्यापेक्षा काळपट दिसते, त्यामुळे जास्त तापवली जाते. जून-जुलैत आभाळ भरून शेडमध्ये अंधारले की तीच बिलेट जास्त उजळ दिसते. पिवळी झाली म्हणून बाहेर काढली जाते आणि असते जेमतेम १०५०. पावसाळ्यात प्रेस "कमजोर" होण्याचे हे एक खरे कारण आहे. भट्टीजवळ एक कोपरा बारा महिने सारख्या सावलीत ठेवा, किंवा सरळ पायरोमीटर (दुरून तापमान मोजणारे यंत्र) घ्या.

पायरोमीटरचाही वापर नीट हवा. ऑक्साइड चढलेल्या पोलादासाठी यंत्रावर उत्सर्जकता (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर फेकतो त्याचे माप, एमिसिव्हिटी) ०.८ ते ०.८५ लावा. सुटलेल्या खवल्यावर नेम धरला तर आकडा कमी येतो, कारण खवला खालच्या धातूपेक्षा थंड असतो. ज्योतीतून किंवा धुरातून बघितले तर भरवसाच नाही. खवला झाडा, मग मोजा.

गाभा थंड असण्याची शक्यता वेगळी. बाहेरून बिलेट छान पिवळी, पण घाईने तापवल्यामुळे आत अजून गार. पायरोमीटरला हे कळत नाही. पुढची बिलेट त्याच तापमानाला २० ते ३० मिनिटे जास्त ठेवा आणि त्याच उंचीला गेज बघा. दाब ठळकपणे उतरला तर गाभाच थंड होता. मात्र तापमान १२५० च्या वर नेऊन वेळ वाचवू नका. कणांच्या सीमा जळाल्या की तो तुकडा भंगारातच जातो. आणि बिलेट ८५० च्या खाली उतरली की दाबणे बंद; कडेला चिरा पडतात.

पाचवी तपासणी : डाय आणि घर्षण

थंड डाय बिलेटच्या दोन्ही तोंडांची उष्णता शोषून घेते. तोंडाजवळचा थर कडक होतो आणि धातू फक्त मधून फुगतो. तुकड्याचे पोट जास्तच सुटलेले दिसले तर याच दिशेने शोधा. काम सुरू करण्याआधी डाय १५० ते २५० अंशांपर्यंत तापवा. तापवलेला एखादा भंगार ठोकळा दोन डायमध्ये अर्धा तास ठेवला तरी चालते. पावसाळ्यात याला दुसरे कारण आहे. रात्रभर दमट हवेत राहिलेल्या डायवर ओल असते. तिच्यावर लालबुंद बिलेट टेकवली की वाफ होऊन खवले उडतात. डोळ्याला गॉगल असला तरी हा धोका पत्करू नये.

खवले झाडण्यासाठी तारेचा ब्रश किंवा साखळीचा फटका पुरतो. पहिला ५-१० मिमी दाब देऊन रॅम वर घ्या, फुटलेले खवले उडवून द्या, मग पूर्ण दाबा. ग्रॅफाइटचा पातळ थर डायवर द्या. पाण्यातले ग्रॅफाइट असेल तर पाणी उडून गेल्याची खात्री करा. घर्षण ०.५ वरून ०.३ वर आले तर आपल्या कामात ११०० अंशांना ५३८ टनांचे ४६७ होतात. ग्रॅफाइटचा डबा ७० टन वाचवतो.

घर्षण खरोखर किती आहे याची खात्री करायची तर रिंग दाबून बघा. बाहेरचा व्यास ६०, आतला ३०, उंची २० मिमी, म्हणजे ६:३:२ चे प्रमाण. नेहमीच्याच तापमानाला आणि नेहमीच्याच वंगणाने ती अर्ध्या उंचीपर्यंत दाबा. आतले भोक मोठे झाले तर घर्षण कमी; भोक आकसले तर जास्त, आणि जितके आकसले तितके जास्त. वंगण बदलल्यावर ही चाचणी पुन्हा करा, सुधारणा डोळ्यांनी दिसते.

सहावी तपासणी : दाबण्याचा वेग

हळू दाबले की बळ कमी लागते हे अर्धेच खरे आहे. वेग दुप्पट केला तर गरम पोलादाचा फ्लो स्ट्रेस साधारण १० टक्क्यांनी वाढतो. पण १२० मिमीचा प्रवास ४ मिमी प्रति सेकंदाने केला तर बिलेट ३० सेकंद डायला चिकटून असते. १० मिमीने केला तर १२ सेकंद. बुटक्या तुकड्यात डायकडे जाणारी उष्णता फार असते. त्यामुळे मंद झालेली प्रेस स्वतःच स्वतःचे काम जड करते. वेग पूर्वीपेक्षा घटला आहे का ते घड्याळ लावून मोजा. घटला असेल तर पंप झिजल्याची ती पहिली खूण.

प्रेस निर्दोष, पण काम तिच्या आवाक्याबाहेर असेल तर

नवी प्रेस घेण्याआधी पद्धत बदलून बघा. ९० मिमीला अडलेला तुकडा पुन्हा भट्टीत घाला आणि दुसऱ्या तापात संपूर्ण तोंडावर दाबण्याऐवजी ८० मिमी रुंदीच्या पट्टी-डायने घास घेत दाबा. ९० मिमी उंचीला व्यास २२४ असतो. पट्टीखाली येणारे क्षेत्रफळ जास्तीत जास्त १७,९०० चौ. मिमी, पूर्ण तोंडाच्या निम्म्याहून कमी. बळ २०० टनांच्या आत राहते. प्रत्येक घासानंतर तुकडा फिरवा. पट्टीच्या कडांना १० ते १५ मिमी गोलाई हवी, नाहीतर धातूची घडी पडते आणि मशीनिंगमध्ये चीर म्हणून उघडी पडते. असे ८२ पर्यंत आणा आणि सपाट डायने फक्त उंचवटे बसवा. त्या शेवटच्या दाबात सगळ्या तोंडावरून उंची कमी करायला गेलात तर पुन्हा पूर्ण टन लागतील.

सातवी तपासणी : हायड्रॉलिक

इथवर सगळे ठीक निघाले किंवा गेजच चढत नसेल, तरच इकडे या.

टाकीतले तेल बघा. दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे. गोव्याच्या दमट हवेत टाकीच्या श्वासनळीतून (ब्रीदरमधून) ओल आत जाते आणि प्रेस बंद असताना आतल्या पत्र्यावर साचते. चतुर्थीच्या सुटीनंतर प्रेस सुरू करताना हे हमखास तपासा. टाकीच्या तळाच्या प्लगमधून आधी थोडे तेल काढून बघा, पाणी खाली बसलेले असते. श्वासनळीला ओल शोषणारे फिल्टर बसवणे हा स्वस्त उपाय. तेल ६० अंशांच्या वर जात असेल तर कूलरची नळी गाळाने भरली आहे का बघा. सक्शन फिल्टर चोंदला असेल तर पंप खरखर आवाज करतो.

पूर्ण भाराखाली मोटरचे व्होल्टेज आणि अँपिअर इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. व्होल्टेज पडत असेल तर मोटर ऐन शेवटच्या टप्प्यात दमते आणि दोष पंपावर येतो.

गेजची शंका असेल तर तपासलेले दुसरे गेज लावा. दुसरे गेजही कमीच दाखवत असेल तर दाब खरोखर तयार होत नाही : रिलीफ व्हॉल्व्ह, पंप किंवा रॅमचे सील, या तिघांपैकी एक. गेज बदलण्याआधी पंप बंद करून लाइनमधला दाब शून्यावर आणलेला असावा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

रिलीफ व्हॉल्व्ह पाटीवरच्या दाबापेक्षा वर कधीही नेऊ नका, एका बिलेटपुरताही नाही. फ्रेम, टाय रॉड (फ्रेम बांधून धरणारे जाड दांडे) आणि सिलिंडर त्याच दाबासाठी आखलेले असतात. पाटीपेक्षा कमी बसला असेल तर पुन्हा जागेवर आणणे हेही हायड्रॉलिकच्या जाणकाराचेच काम.

टाय रॉडच्या नटाखाली फट दिसली, वेल्डजवळ रंग फुटून रेघ उमटली, रॅम तिरका उतरला किंवा दाबताना "टक्" आवाज आला तर त्या दिवशीचे काम बंद. नट स्वतः आवळू नका. टाय रॉडला ठरावीक ताण देऊनच नट बसवावे लागतात. चीर शोधण्यासाठी अविनाशी चाचणी (भाग न तोडता केलेली तपासणी, एनडीटी) करणारा तंत्रज्ञ लागतो.

तेलाची गळती हाताने चाचपू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून २५० बारने सुटलेले तेल कातडीतून आत शिरते. जखम टिंबाएवढी दिसली आणि दुखत नसली तरी ताबडतोब रुग्णालयात जा आणि "दाबाखालचे तेल आत गेले" असे स्पष्ट सांगा. तापलेल्या बिलेटजवळ तेलाचे तुषार दिसले तर आधी पंप बंद, कारण ते पेट घेतात. नायट्रोजन भरलेला अ‍ॅक्युम्युलेटर असेल तर त्याला हात लावू नका. पंप बंद केल्यावरही त्यात दाब शिल्लक असतो.

तंत्रज्ञ येईल तेव्हा त्याच्या हातात हा कागद द्या : बिलेटचे वजन, दाबतानाचे तापमान, प्रेस अडलेली उंची, त्या क्षणी गेजचा आकडा, तेलाचे तापमान, दाबण्याचा वेग, आणि तीन उंचींना सूत्राने आलेले टन.